उपडा डबा, तांबडी वाईन

मटार आला की मला भीती वाटते. हसू नका. जबलपुरात मटार आला म्हणजे थंडी आली, गच्चीवरचं ऊन आलं, कचोऱ्या आल्या, आणि सोलता सोलता चार घरच्या गोष्टी आल्या. सगळ्यांना आनंद होतो. आमच्या कांचघरच्या बाजारात सिहोऱ्याकडच्या गोण्या उतरायला लागल्या की भाजीवाला भैया लांबूनच हाक मारतो, "माताजी, नया मटर आ गया!" आणि मी, साठीला टेकलेली बाई, पिशवी छातीशी धरून दोन पावलं मागे सरकते. यंदाही सरकले. मग पुढे होऊन पाच किलो घेतला, कारण घरात मटार आवडतो आणि भीती वाटते म्हणून कोणी भाजी सोडत नाही.

आमचे हे मला भित्री भागूबाई म्हणतात. रेल्वेत उभा जन्म काढलेला माणूस, गाडी चुकण्याखेरीज कशालाच घाबरत नाही. मी पालीला घाबरते, विजेला घाबरते, दारावर अनोळखी माणूस आला की आधी कडी चाचपते. पण त्या भीतीचं काही नाही, ती येते आणि जाते. माझी खरी भीती नाकातून येते.

माझं नाक भलतंच तिखट आहे. दूध लागायच्या आधी मला कळतं. यांनी कुठल्या ठेल्यावर मुगाच्या भजीसारखे मंगोडे खाल्ले ते मी शर्टावरून सांगते. नातेवाइकांत त्याचं कौतुक होतं, हसणंही होतं. हे नाक असं कशानं झालं, ते मात्र कोणी विचारत नाही, आणि मीही कधी सांगत नसे.

माझे बाबा इथल्याच एका फॅक्टरीत कामाला होते. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की थोड्याच वेळात गल्लीत सायकली यायला लागायच्या. सगळ्यांच्या सायकली आल्या आणि बाबांची आली नाही, की आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच हळू ठेवायची. मग सायकलची घंटी वाजायची आणि आई म्हणायची, "जा बरं, डबा घे त्यांचा."

मी तेव्हा आठ वर्षांची. दारात जायची. हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी काढायची आणि काढता काढता बाबांच्या पोटाला एकदा डोकं टेकवायची. त्यांना वाटायचं, पोरीचा किती जीव आहे. डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे, "काय वं माय, शाळेत गेली होती का आज?" तेवढ्यात मी एक खोल श्वास घ्यायची. मग मोरीत जाऊन डबा ठेवायची. बाबा प्यायलेले नसतील तर सुलटा, प्यायलेले असतील तर उपडा. आई शेगडीपाशी बसल्या बसल्या मोरीकडे एकदा बघायची आणि त्यावरून संध्याकाळ ठरायची. आज काही बोलायचं की गप्प बसायचं, मला आधी जेवू घालून शेजारी पाठवायचं की नाही, सगळं त्या डब्यावरून. ही खूण कोणी ठरवली ते मला आठवत नाही. आमच्यात त्यावर कधी एक शब्दही झाला नाही.

आईचा दुसरा उपाय बाटलीवरचा होता. बाबांची रमची बाटली कपड्यांच्या ट्रंकेमागे असायची. ते कामावर गेले की आई त्यातली अर्धी वाटी मोरीत ओतून द्यायची आणि तेवढाच कोरा चहा, थंड करून, फडक्यातून गाळून, खुणेपर्यंत भरायची. रंग असा जमायचा की बघत राहावं. "इतकी तरी कमी जाईल पोटात," म्हणायची. किती कमी गेली ते देवाला ठाऊक. बाबा पंचावन्न पुरी होण्याआधीच गेले, अंग पिवळं पडून.

माझ्या मुलीला, केतकीला, यातलं काही माहीत नव्हतं. तिच्यासाठी आजोबा म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो. मी ठरवलंच होतं, हे माझ्यापाशी संपलं पाहिजे. आणि नशीब कसं असतं बघा. हीच पोरगी पुण्याला हॉटेलचं शिकायला गेली आणि तिथे तिला विषय आवडला तो कुठला, तर वाईनचा. कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन द्यायची हे पाहुण्यांना सांगायचं, असं काम असतं म्हणे मोठ्या हॉटेलात. तिनं फोनवर सांगितलं त्या दिवशी मी जेवले नाही.

"अगं, पोळ्या शिक, केक शिक. दारूच सापडली का तुला?"

"आई, तू काहून घाबरून राहिली? मी पिऊन नाही राहिली, मी चखून राहिली. फर्क है."

फरक असेल. तिला ठाऊक होता, मला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी अशाच मटाराच्या दिवसांत केतकी तापातून उठून घरी आली. ताप उतरला होता, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला होता. कशाचाच वास येत नव्हता. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, हिंगाचासुद्धा नाही. दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर बेचव जेवून दिवस काढले असते. पण फेब्रुवारीत तिची मोठी परीक्षा होती. झाकलेली वाईन समोर येणार, तिनं नुसत्या नाका-जिभेवर ती कुठली, कशी, कशाबरोबर खायची ते सांगायचं. त्या परीक्षेवर हॉटेलमधली तिची जागा अडलेली होती, आणि तिच्यामागे दुसरी दोघं त्याच जागेसाठी उभी होती. डॉक्टर म्हणाले, वास येईल, वेळ लागेल, रोज वेगवेगळे वास घेत राहा. आणि एक बजावलं होतं, की परत येताना नाक कधीकधी वेडंवाकडं वागतं, नसलेले वासही येतात.

मग ती रोज गच्चीवर उन्हात बसायची. समोर ओळीनं वाट्या. लवंग, लिंबाची साल, कॉफी, हिंग. मी शेजारी मटार सोलत असायची. ती एकेक वाटी नाकाशी नेई, डोळे मिटी, आणि नुसतीच मान हलवी. मला तिच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. एक दिवस मी शेंग मोडली आणि ती एकदम म्हणाली, "आई, रुक! हरा वास आला. कच्चा, हरा." तिनं ती शेंग माझ्या हातातून घेतली आणि कितीतरी वेळ हुंगत बसली. यांनी त्या आनंदात खव्याची जिलबी आणली. मीही हसले, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं बॅगेतून पहिली बाटली काढली.

तीन बाटल्या होत्या, तिन्ही एकाच वाईनच्या. स्पेनची तांबडी वाईन, रिओहा नावाच्या मुलखातली. द्राक्षाचं नाव तेम्प्रानियो. त्याचा अर्थ लवकर पिकणारं, असं तिनं सांगितलं. इतर द्राक्षं हिरवी असतात तेव्हा हे तयार होऊन बसलेलं असतं. मला त्या द्राक्षाची दया आली. मग ती वाईन लाकडाच्या पिंपात वर्षावर्ष ठेवतात. पहिली बाटली वास पुन्हा शिकण्यासाठी, दुसरी जेवणाशी जोड्या लावून बघण्यासाठी, आणि तिसरी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात स्वतःची परीक्षा घेण्यासाठी.

आणि वेळ कुठली, तर सकाळी अकराची. जीभ तेव्हा सगळ्यात ताजी असते म्हणे. बाबा शेवटच्या दोन वर्षांत सकाळी अकराला सुरुवात करायचे.

ती ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरायची आणि कडेचा रंग बघायची, विटेसारखा. मग हुंगायची, ग्लास गोल फिरवायची, पुन्हा हुंगायची. एक घोट घेऊन तोंडात हवा ओढायची, तेव्हा बशीतून चहा ओढल्यासारखा आवाज यायचा. आणि मग थुंकायची, मी ज्यात एकादशीचा साबुदाणा भिजवते त्या पातेल्यात. ते पातेलं मी नंतर तीनदा घासलं. थुंकलेली मोजत मात्र होते. गेली किती आणि परत आली किती, ते मी जिन्यातून बघायची.

"आज लाकूड आलं," ती वहीत लिहायची. दोन दिवसांनी, "आलूबुखारा आला." मग व्हॅनिला, मग वाळलेलं तंबाखूचं पान. तिच्या चेहऱ्यावर रंग येत होता. यांनी एकदा बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "ये तो जामुन का सिरका है," म्हणजे जांभळाचं व्हिनेगर, आणि बापलेक खो खो हसले. पोरीचं नाक परत येत होतं याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, देवाशपथ. पण ती सकाळी उठल्यापासून अकरा वाजायची वाट बघते, हेही मला दिसत होतं.

दुसरी बाटली उघडली आणि माझा स्वयंपाक परीक्षेला बसला. वांग्याचं भरीत सगळ्यात आधी पास झालं. भाजल्या वांग्याचा धूर आणि पिंपाचं लाकूड एकमेकांना ओळखतात म्हणे. बरगी धरणाचा मासा नापास, त्याच्याबरोबर वाईन लोखंडासारखी लागली. मटाराची उसळही नापास, तिच्या गोडीपुढे वाईन आंबट आणि पातळ झाली. जिलबीबरोबर तर तोंडच वाकडं झालं. माझा सावजी रस्सा, ज्यासाठी नागपूरचे पाहुणे मुद्दाम येतात, त्यानं जीभ अशी पेटवली की वाईन कुठे गेली पत्ता लागेना. "तिखट कम कर, आई. कांदा खूप भाज, चरबीचं मटण घे, आणि हळू शिजव." स्पेनमध्ये ही वाईन भाजलेल्या कोकराबरोबर घेतात, मेंढीच्या दुधाच्या कडक चीजबरोबर घेतात. चरबी असली की वाईनचा तुरटपणा मऊ पडतो. मी मटण तसं केलं. मिरची अर्धी, कांदा काळपट होईपर्यंत भाजलेला, मंद आचेवर तीन तास.

तिनं घास घेतला, वर घोट घेतला, आणि थुंकली नाही.

"गिळलीस?" मी जिन्यातून पुढेच आले.

"मग? घास आणि घोट संगच गेले पाहिजेत ना. जोडी कशी समजेल?" आणि तिनं डोळे मिटले. कपाळावरची आठी गेली, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "आई, ये है. हीच जोडी आहे."

तिचं कपाळ बाबांचं आहे. पहिला घोट गेला की बाबाही असेच डोळे मिटायचे. त्यांचीही आठी अशीच जायची, आणि ते दोन मिनिटं इतके चांगले दिसायचे की वाटायचं, असेच राहावेत. मी पातेलं उचललं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर झोपली असताना मी कोरा चहा केला. थंड केला, फडक्यातून गाळला. पण ही रम नव्हती, नुसत्या चहानं रंग जमेना. तेव्हा बीटाची एक चकती त्यात बुडवून ठेवली. मग फ्रिजमधली बाटली काढून अर्धी वाटी वाईन मोरीत ओतली आणि अर्धी वाटी माझं मिश्रण भरलं. हे करताना मला भीती वाटली नाही, नवल वाटलं. हात जणू आईचेच होते, त्यांना सगळं येत होतं. "इतकी तरी कमी जाईल पोटात," मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

मी तीन दिवस हे केलं.

पहिल्या दिवशी केतकीनं वहीत काहीतरी लिहून खोडलं. दुसऱ्या दिवशी ग्लास ठेवून पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या दिवशी मटण पानात तसंच राहिलं.

"काय झालं?"

"कुछ गडबड आहे, आई. मातीचा वास येऊन राहिला. पहिले नव्हता. आणि मागे चहापत्तीसारखं काही तरी. वाईन खराब झाली असती तर सिरक्याचा वास आला असता, तो नाही. म्हणजे नाकच." ती वहीची पानं उलटत होती. "डॉक्टर बोलले होते ना. नसलेले वास."

"उद्या परत बघ," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तिसरी बाटली यांच्या कपाटात होती. ती उघडून बघितली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण केतकी कपाटापर्यंत जायची आणि परत यायची. तीही तशीच लागली तर, ही तिला भीती. आमच्या घरात दोघी बायका दोन बाटल्यांना घाबरून बसल्या होत्या, आणि हे मधे बसून पेपर वाचत होते.

चौथ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर फोन घेऊन बसली. शेजारी मटाराचा ढीग. म्हणाली, "मी सरांना लिहून टाकते, परीक्षेला नाही येत. आणि हॉटेलवाल्यांना पण. दुसरी पाहा म्हणते. चलो, संपलं."

मला त्या वेळी सगळ्यात आधी काय वाटलं ते सांगते, कारण लपवून काही उपयोग नाही. मला वाटलं, सुटले. आता वाईन नको, हॉटेल नको, पोरगी इथे राहील, शाळेत नोकरी करील, एखादा चांगला मुलगा बघू. माझ्या छातीवरचा दगड खरोखरच हलला. मग तिनं फोनवर टाइप करता करता सवयीनं एक शेंग मोडली, नाकाशी नेली, आणि हुंगली. आणि ती शेंग न खाता खाली टाकून म्हणाली, "ह्याचा पण भरोसा नाही आता."

याच शेंगेनं तिला नाक परत दिलं होतं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं होतं, माझ्या हातानं, फडक्यातून गाळून.

"केतकी," मी म्हणाले, "त्यात बीट होतं."

"काय?"

"बीट. आणि कोरा चहा. मी घातला."

मला वाटलं आता ओरडेल. तिनं फोन उपडा ठेवला, वही ओढली आणि पानावर बोट ठेवलं. "कधी घातला?"

"सोमवारी दुपारी. मग मंगळवारी. मग बुधवारी."

"मंगळवारी सकाळी मी लिहिलं, चहापत्ती. हे पाहा. हे पाहा, माती लिहून खोडलं. किती बीट होतं?"

"एक चकती. नुसती बुडवून काढली गं."

"एक चकती," ती म्हणाली, "पूर्ण बाटलीत!" आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "आई, मला बीट आलं! मला चहा आला! माझं नाक..." तिनं माझे मटाराचे हात धरून नाकाशी नेले. तो आनंद बघून मीही रडले. आणि मग ती थांबली. हात सोडले. चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पण काहून, आई?"

मी सगळं सांगितलं. डबा, मोरी, ट्रंकेमागची बाटली. सांगताना मी मटार सोलत होते, कारण तिच्याकडे बघायची छाती नव्हती. तिनं ऐकून घेतलं, खाली गेली, आणि दुसऱ्या बाटलीतलं उरलेलं सगळं मोरीत ओतून दिलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "बाबा, आईला सांगा मीठ द्यायला," असं. हे बिचारे मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवत राहिले आणि त्यांना काही कळेना.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं मला गच्चीवर बोलावलं. तिसरी बाटली उघडलेली होती. दोन ग्लास होते.

"मी पिणार नाही," मी दारातूनच म्हणाले.

"पिऊ नको. वास घे. नाक तर तुझंच आहे माझ्यापाशी."

मी ग्लास नाकाशी नेला. आली तीच, दारू. पाय आपोआप मोरीकडे वळायला लागले. मी ग्लास खाली ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. ती तर येणारच. तिला जाऊ दे. तिच्या मागे काय आहे?"

मी थांबले. सगळ्या आयुष्यात त्या वासापाशी मी कधी थांबले नव्हते. मागे आलूबुखारा होता, खरंच होता. त्याच्या मागे ओलं लाकूड. नारळाची करवंटी. वाळलेलं तंबाखूचं पान. आणि अगदी शेवटी कातडं, उन्हात तापलेलं. सायकलच्या सीटचं.

मी रोज संध्याकाळी बाबांच्या पोटाला डोकं टेकवत होते. तिथे सायकलचं कातडं असणार, मशीनचं तेल असणार, खाकी कपड्याचा घाम असणार, तंबाखू असणार. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी एकच वास शोधायला जायची, तो मिळाला की नाही तेवढं बघायची आणि डबा घेऊन परत फिरायची. ते हात फिरवत राहायचे. इतक्या जवळ जाऊन मी माझ्या बापाला कधी हुंगलंच नाही, याचं मला त्या गच्चीवर इतकं वाईट वाटलं की केतकी घाबरली.

"आई, क्या आया? काय आलं?"

"सायकल," मी म्हणाले. तिनं ते वहीत लिहून घेतलं, खुळी.

फेब्रुवारीत ती गेली. परीक्षेत कुठली वाईन समोर आली ते मला समजलं नाही, पण पास झाली. आता समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात असते. रोज संध्याकाळी, काम सुरू व्हायच्या आधी फोन करते. आज कुठली वाईन कशाबरोबर दिली ते सांगते. तांबडी स्पेनची निघाली की हटकून म्हणते, "आई, तुझी सायकलवाली." मी हो हो करते. पण मी शब्द ऐकत नसते, मी आवाज ऐकत असते. जीभ जड आहे का, हसू जास्त लांबतंय का. तिलाही ते कळतं. म्हणून फोन ठेवताना ती न चुकता म्हणते, "आई, डबा सुलटा आहे."

किती गोड पोर आहे. दुसरी आई असती तर निवांत झोपली असती.

पण त्या दिवशी गच्चीवर मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. एक गोष्ट मी सांगितली नाही. मटाराचेच दिवस होते. बाबा उशिरा आले, पण खुशीत होते. सायकलच्या पिशवीत ताज्या शेंगा होत्या. मी डोकं टेकवलं, वास होता, भरपूर होता. त्यांनी एक शेंग मोडली आणि दाणे माझ्या तोंडात घातले, एकेक करून, सगळे. "गोड आहे ना वं माय?" मला वाटलं, एक दिवस आमची संध्याकाळ इतरांसारखी व्हावी. मी मोरीत गेले आणि डबा सुलटा ठेवला.

आईनं सुलटा डबा बघितला. निर्धास्तपणे पान वाढलं आणि जेवताना माहेरी, सिहोऱ्याला, आठ दिवस जाण्याची गोष्ट काढली. पुढचं लिहीत नाही. मटाराचा उकळता रस्सा होता. आईच्या उजव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग तिच्याबरोबरच गेला. तिनं मला कधी विचारलं नाही, डबा तसा कसा ठेवलास म्हणून. नुसती त्यानंतर, डबा कसाही असो, एकदा माझ्या तोंडाकडे बघून घ्यायची.

आई घाबरू नये म्हणून मुलगी डबा सुलटा ठेवते. हे मला ठाऊक आहे, आणि कोणाला असो नसो.

काल मी पाच किलोतला शेवटचा मटार सोलत बसले होते तेव्हा फोन आला. केतकी हसत होती. कोकराचं मटण, तांबडी वाईन, पाहुणे खूश. शेवटी म्हणाली, "आई, डबा सुलटा आहे हं," आणि मी म्हणाले, "बरं गं बाई." फोन बंद झाला. हे आत होते, गच्चीवर कोणी नव्हतं. मी फोन कानावरून काढला आणि नाकाशी धरला. हिरव्या शेंगांचा वास आला, माझ्याच हातांचा. दुसरा कसलाच आला नाही.